कोहळ्याचा खेळ आणि रतनसिंगाचे डोके

वाशीम, ९ डिसेंबर १९३५

चिरंजीव रामराव यास उकंडरावाचे आशीर्वाद.

भाऊबीजेला तू बहिणीसाठी लुगडे आणलेस आणि माझ्यासाठी एडिंबरोहून सांभाळून आणलेला तो लांबोडका चेंडू. लुगडे तुझ्या बहिणीने ट्रंकेत ठेवले. चेंडूही तिथेच ठेवायला हवा होता, असे तिचे मत आहे. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या आणि जिने चढताना गुडघ्यांची विनवणी करणाऱ्या माणसाला चेंडू देण्यात तुझा काय हेतू होता, ते तूच जाणे. मी तो तालमीत नेऊन दिला.

तालमीतल्या गड्यांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘कोहळे’ म्हणायला सुरुवात केली, आणि आता सारे वाशीम रग्बीला कोहळ्याचा खेळ म्हणते. हुतूतूच्या गड्यांना यात नवीन फारसे शिकावे लागले नाही. पळत्याला धरावे, पाडावे, वर चौघांनी बसावे, हे तर त्यांचे रोजचेच. तू दिलेली नियमांची इंग्रजी पुस्तिका मी मराठीत उतरवली. दोन्हीकडचे गडी खांद्याला खांदा आणि डोक्याला डोके लावून ढकलतात, त्याला मी ‘शिरःसंमर्द’ असा शब्द योजला. मला तो फार आवडला. गडी त्याला झोंबी म्हणतात. पुस्तिका वाचता येणारा मी एकटाच असल्यामुळे पंचही मीच झालो.

काल रविवारी ज्वारी निघालेल्या वावरात पहिला डाव झाला. तालमीचेच दोन भाग पाडले होते. रतनसिंग तुला आठवत असेल. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, इथे कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलतो, आणि तालमीत त्याच्या तोडीचा गडी नाही. तो कोहळे काखेत मारून सुटला. समोरून रऊफ पिंजारी सुटला. बाजूला व्हावे असे दोघांनाही वाटले नाही. डोक्यावर डोके आदळल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. रऊफ मटकन बसला. रतनसिंग आडवा झाला तो हालेना. डोळे उघडे होते, पण बघत काहीच नव्हते.

तेवढ्यात त्याच्याच बाजूच्या जगदेवाने सुटलेले कोहळे उचलून पलीकडच्या रेघेपार टेकवले. आता हुतूतूचा रिवाज तुला ठाऊकच आहे. आपल्या बाजूने समोरचा एक गडी मारला, की आपला एक मेलेला उठून पुन्हा खेळात येतो. गड्यांनी तोच हिशेब इथे लावून एकच कल्ला केला, ‘रतन जिता झाला! रतनले उठवा!’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. पुस्तिकेत याविरुद्ध काही आठवेना. मी मान हलवली. तोंडावर दोन तांबे पाणी मारून त्याला उभा केला आणि आत ढकलला.

आणि मग जे झाले ते पाहायला तू हवा होतास. कोहळे हाती पडताच तो सगळ्यांना झुगारून वाऱ्यासारखा धावला आणि थेट स्वतःच्याच रेघेपार जाऊन त्यावर बसला. मी जवळ गेलो तर मला विचारतो, ‘गुरुजी, आज कोन्या गावचा बाजार हाय?’ लोक हसून लोळले. गुलाल उधळून त्याची मिरवणूक काढली. मिरवणूक कशाची आहे, हेही तो सगळ्यांना विचारत होता.

येत्या २९ तारखेला मानोऱ्याच्या गड्यांशी डाव आहे. तिकडच्या तांड्याचे नाईक हरिसिंग स्वतः येणार आहेत. त्यांची मुलगी रतनसिंगाला द्यायचे चालले आहे, आणि मुलगा मैदानात पाहून मगच गूळ फोडून लग्न पक्के करू असा त्यांचा निरोप आहे. तुझ्या एडिंबरोत इतकी मौज कधी झाली होती का, ते कळव.

उकंडराव


अकोला, १२ डिसेंबर १९३५

ती. भाऊजींस रामरावाचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र दवाखान्यात उभ्या उभ्या वाचले. शिरःसंमर्दापर्यंत मी हसत होतो. ‘डोळे उघडे होते, पण बघत काहीच नव्हते’ इथे आलो आणि खुर्ची ओढून बसलो.

भाऊजी, ती मौज नव्हती. रतनसिंगाच्या मेंदूला हादरा बसला होता. बेशुद्ध पडलेला माणूस उठून धावला म्हणजे तो बरा झाला असे नाही. आपली रेघ कोणती हे त्याला कळत नव्हते, वार कोणता हे कळत नव्हते. असल्या गड्याला मैदानाबाहेर काढून निजवायचे असते. तुम्ही त्याला पाणी मारून पुन्हा आत पाठवले.

तुमच्याकडे बैठकीत पेट्रोमॅक्स आहे. तो आपटला तर काच फुटतेच असे नाही. आतली जाळीही जागच्या जागी दिसते. पण एकदा हादरलेल्या जाळीला दुसरा हलका धक्का बसू द्या, तिची राख होऊन खाली पडते. डोक्याचेही तसेच आहे. कवटी शाबूत, रक्ताचा थेंब नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात.

एडिंबरोत आमच्या वर्गात मॅकी नावाचा मुलगा होता. हसरा, माझ्या मराठी शिव्या पाठ करणारा. एका शनिवारी त्याच्या डोक्याला लागले. आठवडाभर डोके दुखत होते, पण संघातली जागा जाईल म्हणून कोणाला बोलला नाही. पुढच्या शनिवारी एक साधा धक्का लागला. आपण बाजारात एकमेकांना लागतो तेवढाच. चार पावले चालला आणि पडला. त्याला उचलणाऱ्यांत मी होतो. तो पुन्हा उठला नाही.

तेव्हा मला लगेच कळवा. रतनसिंगाचे डोके दुखते का? मळमळ, उलटी? उजेड सोसतो का? यातले एकही असेल तर २९ तारखेला त्याने मैदानाकडे फिरकायचे नाही. रऊफचीही विचारपूस करा.

ताईला नमस्कार.

रामराव


वाशीम, १६ डिसेंबर १९३५

चिरंजीव रामराव यास आशीर्वाद.

तुझ्या मित्राची हकीकत वाचून मन कष्टी झाले. त्याबद्दल थट्टा नाही. परंतु प्रत्येक खोकल्यात क्षय आणि प्रत्येक टेंगळात मृत्यू पाहण्याची डॉक्टर लोकांची खोड मला माहीत आहे. मागे माझ्या साध्या ढेकरेवर तू मला महिनाभर ताकाशिवाय जेवायला लावले होतेस, ते मी विसरलेलो नाही.

तरी तुझ्या सांगण्याप्रमाणे चौकशी केली. काल चौकात सगळी तालीम जमली होती. तिथेच मी रतनसिंगाला विचारले, ‘काय रे, डोके वगैरे ठीक ना?’ तो म्हणाला, ‘एकदम फर्मास, गुरुजी.’ रऊफला विचारले. तो म्हणाला, ‘मेरे सिर को क्या होना है, गुरुजी? उसमें है ही क्या?’ रऊफचे हे निदान मला पटण्यासारखे वाटले.

एकंदरीत विलायती कवट्या पातळ असाव्यात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी खातात. रतनसिंगाला वगळले तर हरिसिंग नाईक काय समजतील, याचाही विचार केला पाहिजे. मुलगी पाहायला गेलो आणि मुलगी पडद्याआडच बसली, तर वरपक्षाच्या मनात काय काय येते, ते तुझ्या वेळी आपण अनुभवले आहेच. तू निश्चिंत राहा.

उकंडराव

रामा, खाली जागा उरली म्हून लिहून राह्यली. तुये भाऊजी गड्याले भर चौकात विचारतात, ठीक ना? मंग तो काय सांगन? परवा तो आपल्या घरी जेवाले आल्ता. म्या कंदील पुढं ठेवला त म्हने, बाई, तिकडं सरकवा, डोये दुखतात. दोन घास खाल्ले अन् आंगनात जाऊन सारं उलटून टाकलं. मले म्हने, गुरुजीले सांगू नोका. म्या म्हनलं, नाई सांगत. तुले सांगून राह्यली, ते येगळं. — तुयसा


अकोला, १९ डिसेंबर १९३५

ती. भाऊजींस सा. न.

ताईने लिहिलेल्या चार ओळींत मला पाहिजे होते ते सगळे मिळाले. तुमच्या दोन पानांत भाकरीचे गुणवर्णन मिळाले.

आता थट्टा पुरे. इतके दिवस झाले तरी उलटी होते, उजेड सोसत नाही, म्हणजे त्याचा मेंदू अजून सावरलेला नाही. या अवस्थेत तो खेळला आणि डोक्याला पुन्हा काही लागले, तर मी अकोल्याहून उडत आलो तरी उपयोग होणार नाही. गाठी उचलणेही बंद करा. अंधाऱ्या खोलीत पडू द्या, झोपू द्या. दुखणे पूर्ण थांबल्यावर त्याला मोटारीने माझ्याकडे पाठवा. मी तपासून सांगेन. तोवर खेळ नाही.

मला स्वतः यायचे होते, पण इथे पटकीचे रोगी आहेत आणि आम्ही दोघेच डॉक्टर. म्हणून सगळे तुमच्यावर सोपवतो. तुम्ही पंच आहात. तुमच्या शब्दाखेरीज तो आत येऊ शकत नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर त्याला कोणी आत घालू शकत नाही.

त्याला चौकात विचारू नका. एकट्याला विचारा.

रामराव


वाशीम, २४ डिसेंबर १९३५

चिरंजीव रामराव यास आशीर्वाद.

एकट्याला विचारले.

संध्याकाळी जिनात गेलो तर सरकीच्या ढिगाआड तो डोळ्यांवर धोतराचा सोगा ओढून बसला होता. म्हटले, ‘रतन, डोके दुखते का?’

‘नाई, गुरुजी.’

‘आणि उलटी?’

‘बाईनं सांगलं का?’

‘मी तुला उलटीचे विचारले, बाईंचे नाही.’

मग तो सरकी चिवडू लागला. म्हणाला, ‘दुखते, गुरुजी. सकायी उठलो का ठनकते. गाठ उचलाले वाकलो का अंधारी येते. पन हे सांगाचं कोनाले? डोक्याचं निंगालं का लोक मिरगी म्हनतात. आमच्या तांड्यात एकाचं ठरलेलं लगन मोडलं. त्याले त नुसती उन्हात चक्कर आल्ती. हरिसिंग नायकाच्या कानावर गेलं त ते आल्या पावली वापस जातीन.’

‘आणि जीव गेला तर गूळ कोण खाणार?’

‘जीव काहून जाते, गुरुजी? कोहयं त हाय.’

त्याला तुझ्या मॅकीची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. शेवटी म्हणाला, ‘त्याचं लगन ठरलं होतं का?’ नव्हते म्हटल्यावर ‘मंग त्याले काय!’ असा निकाल दिला. रामराव, तर्कशास्त्रात मी अनेकांना गप्प केले आहे. इथे तर्क सोडून प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळलो. वाकून दाखव म्हटले तेव्हा तो वाकला आणि भिंत धरून उभा राहिला, ते मी पाहिले. भाकरी आणि कवटीबद्दल लिहिलेले सर्व मागे घेतो.

आता अडचण अशी. नाही म्हणावे तर कारण सांगावे लागेल. कारण सांगितले तर त्याचे लग्न मोडेल. कारण न सांगता काढले तर लोक स्वतःच कारण शोधतील, आणि लोकांनी शोधलेले कारण खऱ्यापेक्षा वाईट असते. म्हणून तीन रात्री पुस्तिका चाळून मी तिच्यात एक नियम शोधून काढला आहे. शोधून काढला म्हणजे घातला. तो असा: ‘मागील डावात ज्याचा पराक्रम सर्वाधिक, त्याने पुढील डावात पंचाशेजारी आसनावर बसून डावाची शोभा वाढवावी.’ मूळ इंग्रजीत तो नाही. पण मूळ इंग्रजी वाचणारा वाशीमात दुसरा कोण आहे? खोटे बोलण्याचे पाप मी पत्करले आहे. प्रायश्चित्त काय ते नंतर एखाद्या शास्त्र्याला विचारीन. तो मीच असल्यामुळे सवलत मिळेल.

तुझ्या बहिणीला यातले काही सांगितलेले नाही. तिला आडवळणाने वागणे जमत नाही.

उकंडराव


वाशीम, ३० डिसेंबर १९३५

चिरंजीव रामराव यास आशीर्वाद.

कालचा डाव झाला. सगळे जिवंत आहेत, हे आधी लिहितो, म्हणजे तू बाकीचे बसून वाचशील.

शाळेतली हात असलेली खुर्ची बांधावर मांडली, झेंडूचा हार आणवला आणि डावाआधी खणखणीत आवाजात माझा नियम वाचला. रतनसिंगाला हे नवेच होते. तो माझ्या कानाशी लागला, ‘गुरुजी, हे काय करून राह्यले?’ मी म्हटले, ‘तुझा सत्कार. बस.’ बसला, पण तोंड असे की हार नव्हे, जू चढवले आहे.

मानोऱ्याचा मुख्य गडी मदनसिंग. हा हरिसिंगांचाच मुलगा. तो पुढे आला. ‘असा कसा कायदा, गुरुजी? विलायतेत सारे चांगले गडी बसूनच राह्यतात का?’

‘होय. म्हणून तर तिकडे इतक्या खुर्च्या बनवतात.’

‘मंग खेयते कोन?’

‘उरलेले. म्हणूनच त्यांचा खेळ आपल्याला जमतो.’

हे त्याला पटले. डाव सुरू झाला. झोंबीत धूळ अशी उडत होती की कोण कोणाचा हे कळेना. हरिसिंग नाईक मोठा लाल फेटा बांधून रतनसिंगाच्या खुर्चीजवळ बांधावर बसले होते आणि मैदानाऐवजी त्याच्याकडेच बघत होते. मी मनात म्हटले, योजना फळली. नवरदेव हार घालून बसला आहे, सासरा न्याहाळतो आहे, मिरगीचे नावही नाही.

मध्यंतरात पाणी प्यायला मी तिथे आलो. हरिसिंग म्हणाले, ‘गुरुजी, कायदा झकास हाय. पुस्तकात नाई, पन झकास हाय.’

माझा तांब्या तोंडाशीच राहिला. ‘नाही म्हणजे?’

‘तुमच्या बाईनं आमच्या बायकोले, सोजरले, बाजारात गाठलं. आठ रोज झाले. टक्कर, उलटी, डाक्टरचा कागद, सारं सांगलं. वरून म्हने, पोट्टा हिऱ्यासारखा हाय, पन हे दुखनं लपवते. म्या घरी पोरीले इचारलं, काय करू? ती म्हने, दुखते तवा दुखते म्हनत नाई, तो मानूस उद्या घरात काय सांगन? त्यानं स्वताच्या तोंडानं सांगलं त हो म्हना. नाई त वापस या.’

हे सगळे रतनसिंगापासून हातभर अंतरावर, नेहमीच्या आवाजात चालले होते. नेहमीचा आवाज म्हणजे तांड्यावरून वावरात ऐकू जाईल असा. रतनसिंग उठला. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. दोन्हीकडचे गडी पाणी पीत होते, गाव जमले होते. त्याने माझ्याकडे पाहिले. 

‘दुखते,’ तो म्हणाला. मग मोठ्याने, ‘त्या रोजपासून दुखते. रोज. उजेड सोसत नाई. खेयलो असतो त पडलो असतो. पन मले मिरगी नाई, नायक. डोक्याले लागलं हाय.’

कोणी हसले नाही. हरिसिंग उठले, स्वतःचा फेटा सोडला आणि त्याच्या डोक्यावर सावलीसारखा टाकला. ‘मंग लेका, या उन्हात कायले बसला? चाल सावलीत.’ बाभळीखाली नेऊन त्याला बसवले. सोबत आणलेली गुळाची ढेप तिथेच फोडली. वर बजावले, ‘डाक्टर म्हनन तवा लगन. तवरोक हा धावताना दिसला, त मी गूळ वापस नेईन. खाल्लेला सुद्धा.’

मला वाटले संपले. तर मदनसिंग पुढे सरकून हळूच म्हणतो, ‘गुरुजी, हुतूतूत मायं डोकं आपटलं होतं. तवापासून या कानात किरकिर होते. ते बी सांगाचं का?’ त्याच्या मागून रऊफ म्हणाला, ‘गुरुजी, उस दिन से सुई में धागा नहीं जाता. सुया दोन दिसतात.’ मी म्हटले, ‘तू तर फर्मास होतास ना?’ ‘फर्मास तो रतन था, गुरुजी. मैंने तो कहा था अंदर कुछ नहीं है.’ मग जगदेव. मग मानोऱ्याचे दोघे, ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत. मध्यंतरानंतर मी शिट्टी वाजवली तेव्हा आत उभे राहायला एका झोंबीपुरतेही गडी नव्हते. सगळे बाभळीखाली बसून एकमेकांची टेंगळे चाचपत गूळ खात होते. डाव कोणी जिंकला हे मला सांगता येत नाही. पुस्तिकेत अशा प्रसंगाला नियम नाही, आणि नवा घालण्याची मला आता भीती वाटते.

तुझ्या बहिणीला मी विचारले, सोजरबाईंना भेटलीस ते मला का सांगितले नाहीस? ती म्हणाली, ‘तुमी इचारलं कुठं?’ माझ्या तीन रात्री व्यर्थ गेल्या. ती म्हणते व्यर्थ नाही, खुर्ची नसती तर तो आत घुसला असता. इतके श्रेय मिळाले, ते मी ठेवून घेतले आहे.

पटकी ओसरली असे तुझ्या कार्डावरून कळले. म्हणून परवा सकाळच्या सर्व्हिस मोटारीने ही सगळी डोकी तुझ्याकडे पाठवत आहे. रतनसिंगाला तेवढे आधी तपास. त्याचा सासरा दाराशी बसून राहणार आहे आणि तुला सुखाने जेवू देणार नाही. मी शाळेमुळे येऊ शकत नाही.

उकंडराव

रामा, वरचं सारं खरं हाय. एकच लिहाचं राह्यलं. काल झोंबीत जगदेवचं ढोपर तुया भाऊजीच्या कानशिलावर बसलं. पागोटं तिकडं गेलं अन् हे खाली बसले. म्हनतात, मी त धोतर सावरत होतो. सकायपासून कपाय दाबून राह्यले, अन् हे पत्र लिहिता लिहिता दोनदा डोये मिटून बसले. मले म्हनतात, रामाले लिहू नोको, तो ताक बंद करन. शायेत म्या निरोप धाडला हाय. मोटारीत डायवरच्या बाजूची जागा यायच्याकरता धरली. रतनच्या बी आधी यायलेच तपास. — तुयसा